आतलं मागचं चाक उचललं पाहिजे : गो-कार्टच्या सेटिंगबद्दल

(बोललेल्या भागाचं हे लिखित रूप. वाचताना अडखळू नये म्हणून मधले ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’ थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. प्रश्न असा की, ‘दादा, आमची कार्ट सरळ रस्त्यात चांगली पळते, पण वळणावर वळतच नाही, इंजिन बदलू का?’ याचं एका शब्दात उत्तर द्यायचं तर, नको. इंजिनाला हात लावू नका. आज आपण चासीबद्दल बोलणार आहोत. म्हणजे पाइपांचा सांगाडा, त्याच्यावरची सीट, अ‍ॅक्सल, पुढची स्टब, टायर आणि त्यातली हवा. स्पॅनर, टेप आणि हवेचा गेज एवढ्यात बरंच काम होतं.

आधी गाडी समजून घेऊ. आपल्या दारातल्या कारला सस्पेन्शन असतं, डिफरन्शियल असतं. कार्टला दोन्ही नाही. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली कार्ट बनवली, तेव्हा त्याने थोडे पाइप जोडले आणि मागे वेस्ट बेंडचं छोटं इंजिन बसवलं. हा माणूस कर्टिस क्राफ्टमध्ये रेसच्या गाड्या बनवायचा, त्याला सस्पेन्शन येत नव्हतं असं नाही. ठेवलंच नाही त्याने. आज इतक्या वर्षांनीसुद्धा रेसिंग कार्टला ते नाहीच. मागे एकच सलग अ‍ॅक्सल, मोठ्या कार्टला ५० मिलिमीटर जाडीचा, आणि दोन्ही मागची चाकं त्याच्यावर घट्ट बसलेली. दोन्ही एकाच वेगाने फिरणार, पर्याय नाही.

आता जरा हिशोब करा. मागच्या दोन टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर साधारण १.२ मीटर धरा. हेअरपिनसारखं अर्धं वर्तुळ वळण घेतलं तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा किती जास्त रस्ता कापावा लागतो? पाय गुणिले १.२, म्हणजे जवळजवळ पावणेचार मीटर. वळण लहान असो की मोठं, हा फरक तेवढाच. आणि दोन्ही चाकं तर एकाच दांड्यावर. मग हा पावणेचार मीटरचा फरक जातो कुठे? एक तर कुठला तरी टायर रस्त्यावर घासला जातो, नाहीतर एक चाक हवेत जातं.

सगळा खेळ तिथेच आहे. चांगली कार्ट वळणात आतलं मागचं चाक किंचित उचलते. मग मागे एकच चाक जमिनीवर राहतं आणि भांडण मिटतं. ते उचललं नाही तर दोन्ही मागची चाकं गाडीला सरळ ढकलत राहतात, आणि तुम्ही स्टीअरिंग कितीही फिरवलं तरी पुढची चाकं नुसती घासत जातात. मग आपण म्हणतो, ‘पुढचं ग्रिप नाहीये.’ खरं तर पुढच्या टायरचा बऱ्याचदा काही दोष नसतो, मागचं चाक सोडत नसतं.

आणि हे चाक उचलतं कोण? बहुतेक जणांना वाटतं वेग. वेगाने वजन बाहेर ढकललं जातं हे खरंच, पण पहिली ढकल स्टीअरिंगकडून येते. एक प्रयोग करा. कार्ट स्टँडवर ठेवा आणि स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा. उजवं पुढचं चाक चासीच्या तुलनेत खाली जातं, डावं वर जातं. पुढचा किंगपिन उभा सरळ नसतो, मागे कललेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. त्या कलामुळे हे होतं. आता कार्ट जमिनीवर ठेवा, ड्रायव्हरला बसवा आणि तसंच करा. उजवं पुढचं चाक खाली जाऊ बघतं पण खाली जमीन आहे, म्हणून तो कोपराच वर उचलला जातो, आणि चासी पिळली जाऊन त्याच बाजूचं मागचं, म्हणजे उजवं मागचं चाक हलकं होतं. खाट असमान फरशीवर ठेवली की एक पाय अधांतरी राहतो ना, अगदी तसं. फरक एवढाच की इथे तो पाय आपण मुद्दाम उचलतोय.

आता इंजिनिअरिंग कॉलेजच्या मंडळींनी कान इकडे करा. तुमच्यापैकी कितीतरी जण गो-कार्टच्या स्पर्धांसाठी स्वतः चासी वेल्ड करता. मला फोटो येतात. दहापैकी सात चासींमध्ये जिथे जागा दिसेल तिथे तिरका पाइप टाकलेला असतो, आणि रिपोर्टात लिहिलेलं असतं की टॉर्शनल स्टिफनेस इतका वाढवला. अरे, सस्पेन्शन असलेल्या गाडीत ते बरोबर आहे. इथे चासी हेच सस्पेन्शन आहे. ती पिळलीच नाही तर चाक उचलणार कसं? रेसिंग चासी क्रोम-मॉलीच्या पाइपांची असते, साधारण ३० किंवा ३२ मिलिमीटरच्या, आणि तिच्यात मधला भाग बघितला तर तिरके पाइप जवळपास नसतातच. बनवणारा कंजूष नाहीये, त्याला ती पिळायला हवी आहे. परीक्षकांना सिम्युलेशनमध्ये हिरवा रंग दाखवायचा असतो हे मी समजतो, पण ट्रॅकवर गाडी वळायला हवी ना राव.

बरं, आता सेटिंग. सगळ्यात आधी ड्रायव्हरकडून नीट सांगून घ्यायला शिका. ‘गाडी बेकार आहे’ हे वाक्य मला चालत नाही. मी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारतो. वळणात शिरताना काय होतं, मध्ये काय होतं, बाहेर पडताना काय होतं. शिरताना पुढचं घसरत जातं? मध्ये मागचं फिरतं? बाहेर पडताना इंजिन कोंडल्यासारखं आवाज करतं? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. आणि कुठल्या वळणाला होतं तेही सांगा. एकाच वळणाला होत असेल तर बहुधा गाडी नाही, तुमची लाइन चुकते आहे, त्यासाठी स्पॅनर नको.

दुसरं साधन तुमच्या खिशात आहे. मोबाइलचा स्लो मोशन. जिथे उभं राहायची परवानगी आहे तिथूनच, कुंपणाच्या बाहेरून, एखाद्या संथ वळणाचा व्हिडिओ काढा आणि फक्त आतल्या मागच्या टायरकडे बघा. स्टीअरिंग फिरवल्याबरोबर उचललं का? किती उचललं? खाली कधी आलं? टायरखालून उजेडाची बारीक फट दिसली, वळणाच्या मध्यापर्यंत टिकली आणि गॅस देताना चाक अलगद टेकलं, तर गाडी चांगली आहे. फटच दिसली नाही तर गाडी बांधलेली आहे, बाहेर पडताना इंजिनाचे आरपीएम पडणारच. आणि चाक चांगलं वीतभर वर जाऊन धप्पकन आपटत असेल, तर ग्रिप जास्त झालंय. हो, ग्रिप जास्तही होतं. ‘जास्त ग्रिप म्हणजे जास्त चांगलं’ असं नवीन पोरांना वाटतं. त्याच्यावर मी थोड्या वेळाने सविस्तर येतो, कारण मला खरं बोलायचंय ते त्याच्यावर.

टायरची हवा. पेट्रोल पंपावर हवा भरू नका, तिथला गेज कारच्या तीस-बत्तीस पीएसआयसाठी असतो, आपलं काम दहा-बारा पीएसआयच्या आसपास चालतं, आणि अर्ध्या पीएसआयने सुद्धा फरक जाणवतो. कमी रेंजचा वेगळा गेज घ्या, चांगला घ्या. टायर गरम झाला की आतली हवा फुगते, म्हणून थंड असताना किती होती आणि बाहेर आल्याबरोबर किती झाली, दोन्ही वहीत लिहा. चारही टायरची. हवा जास्त ठेवली तर टायर लवकर तापतो आणि लवकर ग्रिप देतो, पण लांब रेसमध्ये शेवटी शेवटी घसरायला लागतो. कमी ठेवली तर पहिले दोन-तीन लॅप जड जातात, नंतर सुखाचं. पाच लॅपच्या क्वालिफाइंगला आणि वीस लॅपच्या फायनलला एकच हवा ठेवणाऱ्याला मी नमस्कार करतो, लांबून.

पुढची रुंदी. पुढच्या स्टबवर पाच-दहा मिलिमीटरच्या रिंगा असतात, स्पेसर. चाकाच्या आतल्या बाजूच्या रिंगा वाढवल्या की चाक बाहेर जातं. चाक जितकं बाहेर, तितका स्टीअरिंग फिरवल्यावर तो कोपरा जास्त उचलतो. म्हणजे आतलं मागचं चाक लवकर हलकं होतं, गाडी झटकन आत शिरते. शिरताना पुढचं घसरत असेल तर पहिला उपाय हा. फुकटात होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा वळवून मिळतात, आम्ही तर डबाभर ठेवतो. कॅस्टर वाढवूनही हाच परिणाम मिळतो, पण मग स्टीअरिंग जड होतं, लहान पोरांचे हात दुखतात. म्हणून मी आधी रिंगा, मग कॅस्टर.

मागची रुंदी उलटी चालते, आणि इथे लोक गोंधळतात. मागची चाकं आत घेतली, म्हणजे गाडी अरुंद केली, तर मागचं ग्रिप वाढतं. अरुंद गाडीत वजन बाहेरच्या चाकावर जास्त जातं, तो टायर डांबरात दाबला जातो. रुंद केली की वजन कमी सरकतं, मागचं मोकळं होतं. मोठ्या वर्गात मागची कमाल रुंदी १४० सेंटिमीटर, त्याच्या आत तुम्ही हवी तशी ठेवा. हब सैल करायचा, सरकवायचा, पुन्हा आवळायचा. दोन्ही बाजूंनी बेअरिंगच्या घरापासून टेपने मोजा, डोळ्यांनी नको. एका बाजूला पाच मिलिमीटर जास्त राहिलं तर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरीच वागते, आणि तुम्ही दिवसभर भलतंच काहीतरी शोधत बसता.

टो एका मिनिटात संपवतो. पुढची चाकं किंचित बाहेरच्या बाजूला बघणारी, एक-दोन मिलिमीटर, एवढं पुरे. लेझर नसेल तर दोरी आणि टेप. प्रत्येक धडकेनंतर तपासा. झालं.

आता जास्तीच्या ग्रिपबद्दल. मागच्या वर्षी एक चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याचे वडील आमच्याकडे आले. नावं सांगत नाही. वडिलांचं ग्रिल आणि शटर वेल्डिंगचं दुकान. पोराला भाड्याच्या कार्टवर बघून कुणीतरी म्हणालं, याला हात आहे. तेवढ्यावर या माणसाने वर्षभराची बचत टाकून एक वापरलेली इटालियन चासी घेतली. दोन सराव झाले होते. सकाळी मुलगा बरा पळायचा, दुपारनंतर मागे पडायचा, आणि संध्याकाळी बरगड्या धरून बसायचा. पॅडॉकमध्ये कुणीतरी त्यांना सांगितलं, ‘चासी मेली आहे, नवी घ्या.’ नवी म्हणजे काही लाख. वडील मला म्हणाले, ‘दादा, नवी घ्यावी लागणार असेल तर खरं सांगा. मग आम्ही इथंच थांबतो. पोराला उगाच आशा नको.’ मुलगा बाजूलाच उभा होता, टायरवर चिकटलेलं रबर नखाने काढत. ऐकत होता सगळं.

बरगड्या दुखणं हे कार्टिंगमधलं फार खरं दुखणं आहे. सीट फायबरची, कडक, गादी नाही. वळणात सगळं अंग एका बरगडीवर दाबलं जातं. त्यात गाडी उड्या मारायला लागली की प्रत्येक उडीला तिथेच ठोसा. बरगडीला बारीक चीर गेलेले ड्रायव्हर मी पाहिलेत. रिब प्रोटेक्टर घालाच, पण उड्या मारणाऱ्या गाडीवर तो काही औषध नाही. दुखणं दोन दिवसांत गेलं नाही तर गाडीत बसायचं नाही, आधी डॉक्टर. त्या मुलालाही आम्ही तेच केलं. सुदैवाने नुसता मुका मार होता.

गाडी उड्या का मारते? ट्रॅक सकाळी हिरवा असतो, म्हणजे रात्रभराची धूळ, रबर नाही, ग्रिप कमी. दिवसभर पंचवीस-तीस गाड्या फिरल्या की लाइनवर रबराचा थर बसतो, दुपारपर्यंत ग्रिप कितीतरी वाढतं. सकाळच्या निसरड्या रस्त्यासाठी केलेलं सेटिंग दुपारी अति होतं. बाहेरचा मागचा टायर इतका धरतो की आतलं चाक फार वर जातं, मग टायर सुटतो, गाडी खाली आपटते, पुन्हा धरतो, पुन्हा वर. उड्या. मुलगा सकाळी बरा आणि दुपारी मागे, हे ऐकल्यावरच मला चासीच्या मरणाची बातमी खरी वाटेना. मेलेली चासी सकाळीही मेलेलीच असते.

पण वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं. वडिलांच्याच दुकानात गेलो. त्यांच्याकडे ग्रिल जुळवायचं मोठं लोखंडी टेबल, एकदम सपाट. त्याच्यावर चासी उघडी करून ठेवली, चारही कोपरे मोजले. वेल्डिंगवाल्या माणसाची नजर बघायची, टेप लावायच्या आधीच म्हणाले, ‘वाकलेली नाही ही.’ आणि नव्हतीच. खालच्या पाइपांना घासल्याने सपाटी आली होती, थोडीशी, पण वर्ष-दोन वर्षं सहज चालेल इतकी.

मग दोष सीटमध्ये सापडला. सीट चार बोल्टांवर असते, दोन पुढे, दोन वर बाजूला. पुढचा डावा बोल्ट सोडला आणि सीट टणकन चार मिलिमीटर वर उडाली. आधीच्या कुणीतरी सीट जागेवर बसत नव्हती म्हणून बोल्ट आवळून ओढून बसवली होती. म्हणजे चासी उभ्या जागी पिळलेली. ड्रायव्हर बसायच्या आधीच. तिथे वॉशर भरून फट बुजवायची असते, बोल्टने ओढायची नसते. हे वाक्य फोनमध्ये नोट करून ठेवा : सीट हाताने धरल्यावर चारही भोकं आपोआप जुळली पाहिजेत, बोल्ट फक्त धरून ठेवायला.

शिवाय सीटपासून अ‍ॅक्सलच्या बेअरिंगपर्यंत दोन्ही बाजूंना जादा आधार लावलेले होते, स्टे. ते लावले की ड्रायव्हरचं वजन थेट मागच्या बाहेरच्या चाकावर जातं, मागचं ग्रिप वाढतं. थंड हिरव्या ट्रॅकला छान. दुपारच्या रबराला, चौदा वर्षांच्या बरगड्यांना नाही.

पुढच्या सरावाला आम्ही एका वेळी एकच बदल केला. हा नियम मी कुणासाठी मोडत नाही. दोन गोष्टी एकत्र बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर त्याहून वाईट. आधी सीट मोकळी बसवली आणि सकाळी पाच लॅप. मग दुपारी, उड्या सुरू झाल्यावर, जादा स्टे काढले. कमी झाल्या, गेल्या नाहीत. मग मागची रुंदी १३८ वरून साडेएकोणचाळीस केली. लांबट उजव्या वळणाला व्हिडिओत चाक आधी वीतभर जायचं, आता दोन बोटं. मुलगा आत आला, हेल्मेट काढलं. मी म्हटलं, ‘काय रे?’ तर म्हणाला, ‘दादा, आता दुखत नाही. आणि गॅस लवकर देता येतोय.’ वेळेच्या पडद्यावर मी नंतर बघितलं. सकाळच्या त्याच्या चांगल्या लॅपच्या जवळ दुपारी पहिल्यांदाच आला होता. खर्च? वॉशरचा. वडिलांनी तेही स्वतःच्या दुकानातून आणले. मुलगा अजून पळतोय, मधल्या घोळक्यात असतो, कधी पहिल्या आठात येतो.

सीटवर थोडं अजून बोलू, कारण सगळ्यात मोठं सेटिंग तेच आहे आणि सगळ्यात कमी लोक त्याला हात लावतात. मोठ्या वर्गात कार्ट आणि ड्रायव्हर मिळून एकशे साठ किलोच्या आसपास भरतात. त्यातला मोठा वाटा तुम्ही स्वतः आहात. इंजिनापेक्षा कितीतरी जड. म्हणजे तुम्ही कुठे बसता यावर गाडीचं वागणं ठरतं. साधारण ४३ टक्के वजन पुढे आणि ५७ मागे, इथून सुरुवात करा. कॉर्नर वेट काटे महाग असतात. चार सारखे घरगुती वजनकाटे घ्या, सपाट फरशीवर ठेवा, एकेका चाकाखाली एक, ड्रायव्हर पूर्ण कपड्यांत, हेल्मेटसकट, हात स्टीअरिंगवर. चारही आकडे लिहून काढा. डाव्या-उजव्या पुढच्या चाकात मोठा फरक दिसला तर आधी टायरची हवा बघा, मग सीट, मग चासी.

सीट वर घेतली की वजन जास्त सरकतं, ग्रिप नसलेल्या ट्रॅकवर मदत होते. खाली घेतली की उड्या कमी होतात. वाढत्या वयाच्या पोरांची एक गंमत असते, सहा महिन्यांत उंची चार बोटं वाढते, वजन पाच किलो वाढतं, आणि पालक म्हणतात गाडी बिघडली. गाडी तीच आहे हो, पोरगं वाढलंय.

अ‍ॅक्सल मऊ लावायचा की कडक? यावर दोन मेकॅनिकचं एकमत झालेलं मी पाहिलं नाही. कडक अ‍ॅक्सलने मागचं ग्रिप वाढतं असं एक सांगतो, दुसरा तुम्हाला त्याच्या नेमकं उलटं दाखवून देतो, आणि दोघंही आपापल्या चासीवर खरे असतात. कारण अ‍ॅक्सल एकटा काम करत नाही, हबची लांबी, बेअरिंग, चासीचे पाइप सगळं मिळून वाकतं. माझा सल्ला, मधला अ‍ॅक्सल लावा आणि बाकी सगळं करून झाल्याशिवाय त्याला हात लावू नका. तो बदलायला अर्धा तास जातो, आणि सरावाचा अर्धा तास म्हणजे पैसे आहेत.

पावसाळा आलाय म्हणून शेवटचा विषय. ओल्या ट्रॅकवर कार्ट वळत नाही, सरळ जाते, सगळ्यांची हीच तक्रार. कारण आता कळेलच. रस्ता निसरडा, त्यामुळे वजन बाहेर सरकतच नाही, आतलं चाक उचललं जात नाही, दोन्ही मागची चाकं ढकलत राहतात. मग काय करायचं? जे जे चाक उचलायला मदत करतं ते सगळं टोकाला न्यायचं. पुढची चाकं जितकी बाहेर जातील तितकी बाहेर. मागची आत. कॅस्टर वाढवा, टो थोडा जास्त बाहेर, सीट वर घेता आली तर घ्या. पावसाच्या टायरमध्ये हवाही कोरड्यापेक्षा बरीच जास्त. आणि लाइन सोडा. उन्हात ज्या लाइनवर रबर बसलं, पावसात तीच काचेसारखी होते. बाहेरून, रबर नसलेल्या डांबरावरून फिरा. हे विचित्र दिसतं, पण ओल्यात पुढे असणारी पोरं तिथेच दिसतील. सेना लहानपणी पावसात मुद्दाम कार्टवर सराव करायचा हे तुम्ही ऐकलं असेल. हाच सेना १९७९ आणि १९८० मध्ये कार्टच्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

भाड्याच्या कार्टवर जाणाऱ्यांनी यातलं काही करायचं नाही, तिथे स्पॅनर काढलात तर हाकलतील, आणि बरोबरच आहे. पण एक गोष्ट तिथेही लागू पडते. संथ वळणात शिरताना स्टीअरिंग एकदा ठामपणे फिरवा, चाक उचलू द्या, आणि मग हळूहळू सरळ करत बाहेर या. स्टीअरिंग घट्ट धरून, वळणभर पुढचे टायर किंचाळत घासत जाऊ नका. आवाज भारी येतो, वेळ जातो.

तर कॉलेजवाल्यांनी चासीचा फोटो पाठवताना तो वरून काढलेला पाठवा, म्हणजे पाइप दिसतील, शेजारी उभा राहून काढलेला सेल्फी नको. वहीचं पान पाठवलंत तर अजून छान : हवा थंड किती, गरम किती, पुढे रिंगा किती, मागची रुंदी किती, आणि ड्रायव्हरने तीन ठिकाणी काय सांगितलं. पुढच्या भागात ब्रेक घेऊ. मागे एकच डिस्क असताना ती ओढून गाडी आडवी न करता कशी थांबवायची, त्याच्याबद्दल. चला, भेटू.